खुनी कोण ते आम्हाला ठाऊक आहे

तालुक्याच्या वाचनालयात मराठी कादंबरीवर एका प्राध्यापकांचं भाषण होतं. माझी पहिली पाळी सुटली होती. अंगावरचा कापूस झाडला, तोंड धुतलं आणि जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसलो. दीड तास मराठी कादंबरी वाड्यातून बंगल्यात गेली, बंगल्यातून फ्लॅटमध्ये गेली. रस्त्यावर काही उतरली नाही. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. अकरावी-बारावीतलं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, सर, बाबूराव अर्नाळकरांचं काय?

प्राध्यापक हसले. मग पुढच्या दोन ओळी हसल्या. मग अख्खं सभागृह हसलं. उत्तर कुणी दिलंच नाही. ते साहित्यात येत नाही एवढं सांगून चहा जाहीर झाला. पोरगं कानशिलापर्यंत लाल होऊन खाली बसलं.

बाहेर टपरीवर आपल्याच चळवळीतला एक दोस्त भेटला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हा चिडेल. तर हा म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदा त्या प्राध्यापकाशी माझं जमलं. म्हणे अर्नाळकर म्हणजे कामगाराला दिलेली अफू. गिरणीमालकांनी फुकट वाटायला हवी होती ती पुस्तकं.

म्हणजे एका संध्याकाळी दोन बाजूंनी एकाच माणसावर थुंकलं गेलं. एका बाजूला मराठीचे वतनदार, दुसऱ्या बाजूला आपण. मित्रांनो, जिथे वतनदाराचं आणि आपलं एकमत होतं तिथे माझ्या पोटात कालवतं. काहीतरी चोरीला गेलेलं असतं. म्हणून हे लिहितो आहे. आवडलं नाही तर पुढच्या अंकात मला सोला, पण वाचून सोला.

●

आधी माणूस कोण ते बघू. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक नव्हतं.

चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. पुस्तकावर नाव बाबूराव अर्नाळकर. मुंबईत चष्म्याचं दुकान. ना विद्यापीठाची खुर्ची, ना संमेलनाचं अध्यक्षपद. गिनेस बुकाच्या जुन्या आवृत्त्यांत ह्या माणसाची नोंद आहे: १९३६ ते १९८४ ह्या काळात १,०९२ रहस्यकथा, पुस्तकरूपाने छापलेल्या.

मी रिंग फ्रेमवरचा माणूस आहे. आमच्या खात्यात भिंतीवर फळा असतो, पाळीगणिक किती किलो सूत निघालं ते त्यावर लिहितात. मला आकडा दिसला की हात आपोआप हिशेबाला लागतो. अठ्ठेचाळीस वर्षांचे महिने होतात पाचशे शहात्तर. एक हजार ब्याण्णव भागिले पाचशे शहात्तर. म्हणजे महिन्याला दोनाला जरा कमी. हे एक-दोन वर्षं नाही, अठ्ठेचाळीस वर्षं. मधे दुसरं महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, महाराष्ट्र झाला, आणीबाणी आली आणि गेली, गिरण्यांचा संप झाला. ह्या माणसाचा साचा बंद पडला नाही.

असं उत्पादन कसं निघतं तेही सांगतो, कारण हसणाऱ्याला वाटतं की हे नुसतं खरडणं आहे. त्यामागे बांधणी आहे. नायक ठरलेले. झुंजार, काळापहाड, आणि धनंजय आणि त्याचा छोटू. वाचक त्यांना घरच्यासारखा ओळखतो, त्यामुळे ओळख करून देण्यात पानं जात नाहीत. पहिल्या पानावर कुणीतरी ओरडतं, दार वाजतं, प्रेत पडतं. पुस्तक पातळ, एका बैठकीत संपणारं. प्रकरण संपतं ते दोर तुटायच्या बेतात असताना. वाक्य लहान, अवघड शब्द नाही. ज्याला नुकतं जोडाक्षर वाचता यायला लागलंय तोसुद्धा धडपडत शेवटाला पोचतो. कथानकं पुष्कळदा इंग्रजी रहस्यकथांच्या सावलीतली, हे त्यांच्या टीकाकारांनी सांगितलं आणि ते खरं आहे. पण लंडनचा चोर मुंबईच्या गल्लीत आणून त्याला मराठी बोलायला लावणं ही पण मेहनत आहे. ज्या थोरांनी इंग्रजी नाटकं आणि कादंबऱ्या बेमालूम मराठी केल्या त्यांना आपण रूपांतरकार म्हणतो, आणि अर्नाळकर तेवढे चोर. हा न्याय कुठला?

●

आता माझ्या घरातली गोष्ट.

माझा पणजा १९२० नंतर कधीतरी मुंबईच्या गिरणीत लागला, रिंग खात्यात. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला आमची थुंकी लागली की बाकीच्यांची जात जाणार. एवढ्याशा थुंकीवर पिढ्यान् पिढ्यांची भाकरी अडवली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला होता, की तुमच्या मागण्यांच्या यादीत ह्याला जागा आहे की नाही ते सांगा.

पणजा अंगठेबहाद्दर मेला. माझा आजा १९६३ साली बदली कामगार म्हणून लागला. राहायला डिलाईल रोडची बीडीडी चाळ, एका खोलीत आठ-नऊ माणसं. रात्रशाळेत अक्षरं शिकला, पण अक्षरं येणं आणि वाचता येणं ह्यात कोसाचं अंतर आहे. शाळेच्या पुस्तकात पोपट आणि सुभाषितं. दिवसभर साच्यामागे धावून आलेल्या माणसाला पोपटाचं काय? तो वाचायला शिकला अर्नाळकरांवर. चाळीत एक जण पुस्तकं भाड्याने द्यायचा. दिवसाच्या बोलीवर पुस्तक आणायचं, आणि एकाने भाडं भरलं की अख्ख्या खोलीने वाचायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं. आजा सांगायचा, सुरुवातीला मी एका तासात दोन पानं वाचायचो, बाकीचे कावायचे, अरे खून कधी होणार? त्यांच्या कावण्याने माझं वाचन पळायला लागलं.

आणि आज्याने सांगितलेली एक गोष्ट मी विसरत नाही. त्या भाड्याच्या पुस्तकाच्या पानांचे कोपरे काळे पडलेले असायचे. प्रत्येक जण बोट जिभेला लावून पान उलटायचा. खालच्या मजल्यावरचा मराठा, पलीकडचा भंडारी, मागच्या गल्लीतला मुसलमान मास्तर आणि आमच्या खोलीतले सगळे बौद्ध. एकाच पुस्तकाला सगळ्यांची थुंकी. ज्या थुंकीसाठी पणज्याला विणाई खात्याचं दार बंद, ती थुंकी अर्नाळकरांच्या पानावर बिनबोभाट मिसळली होती. कुणी पुस्तक धुऊन घेतलं नाही.

आजा हे सांगून हसायचा. मला काही हसू येत नाही. मराठी साहित्याच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक आहे काय? त्यांच्या निवडक, अभिजात, मानदंड ठरलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तकांना अशा नऊ जणांची थुंकी लागली?

●

आता पहिल्या बाजूचा हिशेब.

ह्यांचा पहिला आरोप, फार लिहिलं. म्हणजे काय गुन्हा केला? सुताराने हजार पाट केले तर तो चांगला सुतार. गवंड्याने शंभर घरं बांधली तर त्याला लोक लांबून बोलावतात. लेखकाने मात्र दहा वर्षांत एक पातळ पुस्तक लिहावं आणि उरलेली नऊ वर्षं त्यावर मुलाखती द्याव्यात. हा हिशेब ज्याला पोटासाठी हात चालवावा लागत नाही त्याचा आहे. पोटासाठी लिहिणं ही त्यांना शिवी वाटते. आमच्यात पोटासाठी सगळंच करतात. गाणंसुद्धा.

दुसरा आरोप, बाजारू. तुमचे दिवाळी अंक कशावर निघतात? साबण आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींवर. म्हणजे बाजार तुम्हालाही लागतो. तुम्ही सराफाच्या बाजारात बसता, अर्नाळकर फुटपाथच्या बाजारात बसले.

तिसरा आरोप, वाचक बिघडतो. ह्यावर तर कोर्टापर्यंत मजल गेली. अर्नाळकर खुनांचे, तसे चंद्रकांत काकोडकर प्रेमाचे. शृंगाराच्या कादंबऱ्यांची रीघ लावलेला लेखक. १९६२ साली रंभा मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची श्यामा नावाची कथा आली. अश्लील म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला, आणि शेवटी १९६९ साली सुप्रीम कोर्टाने निर्दोष ठरवलं. त्याच १९६९ साली त्यांच्या नीलांबरी कादंबरीवरचा दो रास्ते सिनेमा आला आणि लोकांनी थेटरं भरली. सात वर्षं, तीन कोर्टं, साहित्यातल्या जाणकारांच्या साक्षी, कशासाठी? एका गोष्टीतल्या बाईपुरुषांच्या जवळिकीने कोवळ्या वाचकाचं मन नासेल का, हे ठरवायला! देशाचं न्यायदेवतेचं घर इतकं हळवं आहे. तिच्या हळवेपणाबद्दल मला अजून बोलायचं आहे, पुढे बोलतो.

आणि चौथी गोष्ट, जी ते बोलत नाहीत. अण्णा भाऊ साठे. शाळा दीड दिवसाची, मुंबईत गिरणीत हमाली-झाडलोट केलेला, झोपडपट्टीत बसून लिहिणारा माणूस. फकिरा १९५९ ला आली, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. पस्तिसेक कादंबऱ्या लिहिल्या, कित्येकांवर सिनेमे झाले, आणि १९६९ साली हालात गेले. त्यांच्याबद्दल हे लोक काय म्हणायचे? फार लिहितो. भडक लिहितो. मारामाऱ्या असतात. रंजक आहे, कलात्मक नाही. शब्द तेच, जे अर्नाळकरांना लावले. भाड्याच्या वाचनालयात दोघं एकाच फळीवर होते. आज अण्णा भाऊंचे पुतळे झाले, जयंतीला मंत्री येतात, म्हणून ते विधान गुपचूप मागे घेतलंय. पण ज्या काठीने अण्णा भाऊंना मारलं ती काठी फेकलेली नाही. ती कोपऱ्यात ठेवलेली आहे. परवा वाचनालयात त्या पोरावर तीच उगारली.

●

आता आपल्या बाजूला वळतो. दोस्ता, टपरीवर तुला उत्तर दिलं नाही. इथे देतो.

तू म्हणतोस अफू. तुझं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं मी तुझ्यापेक्षा जास्त कडक शब्दांत सांगतो, कारण मी ती पुस्तकं वाचलेली आहेत. आज्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत साठेक होती. मी दहावीनंतर शाळा सोडली ती सुट्टी त्यांच्यावरच काढली.

मी वाचलेल्यांत चोरी व्हायची ती हिऱ्यांची. आमच्या वस्तीत हिरा कुणी बघितलाय? खून व्हायचा तो इस्टेटीसाठी. मृत्युपत्र, तिजोरी, दिवाणखाना, मोटार. नायक बडा माणूस, चांगले कपडे घालणारा, जो दुष्टांना लुटतो आणि दुबळ्यांच्या मदतीला धावतो. म्हणजे दुबळ्याने काय करायचं? वाट बघायची. झुंजार येईल. आमच्यासारख्या वस्त्यांतला माणूस त्या साठ पुस्तकांत मला भेटला तो नोकर म्हणून, गुंड म्हणून, फार तर खबऱ्या म्हणून. विचार करणारा म्हणून एकदाही नाही. बाया पळवल्या जातात, सोडवल्या जातात. गिरणगावात पहाटे उठून खानावळीत पन्नास जणांचं जेवण रांधणारी बाई तिथे नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. त्या पुस्तकांत गुन्हा म्हणजे अपघात असतो. जग मुळात चांगलं चाललेलं असतं. एक वाईट माणूस येतो, बिघाड करतो, शेवटच्या पानावर त्याला बेड्या पडतात, जग परत चांगलं. आमचं जग आधी कधी चांगलं होतं ते परत चांगलं व्हायला?

रहस्यकथेचा प्रश्न असतो, खुनी कोण? आमच्या गुन्ह्यात हा प्रश्नच नसतो. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. अंधाऱ्या बंगल्यात नाही, गावात मारली. कोणी मारलं ते गावाला ठाऊक. का मारलं ते तर देशाला ठाऊक. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सांगितली. २०१० ला हायकोर्टाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. आणि जात? कोर्ट म्हणालं, हा सूड होता, अॅट्रॉसिटीचा कायदा इथे लागत नाही. झालं. खुनी सापडले, आणि खून कशाने झाला तेच हरवलं. भैयालाल भोतमांगे उरलेले, ते २०१७ साली गेले. सांग, हे कुठल्या धनंजयला सोपवायचं? बोटांचे ठसे कुणाचे घ्यायचे? गावाचे?

किंवा गिरण्या घे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. माझा आजा त्यात एक. संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तो नुसता संपवला गेला. आजा ट्रंक घेऊन गावी आला. आज तिथे जाऊन बघ. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, चिमणी शोभेला ठेवली आहे. प्रेत दिवाणखान्यात उभं करून पाहुण्यांना दाखवतात तशी. अडीच लाख घरांचा खून, आणि एक संशयित नाही!

एवढं सगळं तुझ्या बाजूने बोललो. आता दुसरं निम्मं ऐक.

तामिळनाडूत तंजावरच्या बाजूला किळवेणमणी नावाचं गाव. २५ डिसेंबर १९६८ ची रात्र. शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली, म्हणून जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. बाया, पोरं, म्हातारे एका झोपडीत लपले होते, ती पेटवली. ४४ माणसं जळाली, दलित मजूर आणि त्यांची लेकरं. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिली. १९७३ साली मद्रास हायकोर्टाने सोडून दिलं. आणि निकालात मुद्दा काय आला? की हे सगळे बडे, जमीनजुमलेवाले लोक, ह्यातल्या एकाकडे तर मोटार आहे. असे लोक स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटायला कठीण आहे.

आठवलं? मघाशी म्हणालो ना, न्यायदेवता हळवी आहे. गोष्टीतल्या जवळिकीने वाचकाचं काय होईल ह्याची काळजी घेताना हळवी, आणि मोटारवाल्यावर संशय घ्यायचा म्हटला की पुन्हा हळवी.

आता हाच मुद्दा माझ्या आज्याच्या खोलीत मांडला असता तर काय झालं असतं ते सांगतो. नऊच्या नऊ माणसं खो खो हसली असती. कारण अर्नाळकरांचा कुठलाही वाचक तुला सांगेल, खुनी कोण असतो? जो सगळ्यात सभ्य दिसतो तो. ज्याच्याकडे मोटार आहे, ज्याच्या बोटात अंगठी आहे, जो पोलिसाला चहा पाजतो आणि मयताच्या बायकोचं सांत्वन करतो, तो. पहिल्या पन्नास पानांत ज्याच्यावर संशय घ्यायला लाज वाटते, शेवटी तोच निघतो. ही अक्कल त्या पातळ पुस्तकांनी माझ्या आज्याला दिली. न्यायमूर्तींना जे पटायला कठीण गेलं ते बदली कामगाराला दुसऱ्या प्रकरणात कळत होतं. आणि तू ह्याला अफू म्हणतोस? अफूने माणूस मालकाकडे संशयाने बघायला लागतो का रे?

आज्याच्या ट्रंकेत एक पुस्तक होतं, शेवटची आठ-दहा पानं गेलेलं. म्हणून तर भाडंवाल्याने त्याला ते फुकट दिलं होतं. गावी आल्यावर संध्याकाळी वस्तीतली पोरं जमवून तो ते वाचून दाखवायचा आणि शेवट स्वतः सांगायचा. दर वेळी शेवट निराळा. कधी खुनी वकील, कधी डॉक्टर, कधी गावचा पाटील, कधी गिरणीचा मॅनेजर. वस्तीत ज्याच्याशी त्या आठवड्यात खटका उडालेला असेल तो त्या रात्री खुनी निघायचा. पोरं बेफाम हसायची. एकदा खुनी सरपंच निघाला तेव्हा कुणी हसलं नाही. सगळी गप्प बसली. त्या आठवड्यात आमच्या वस्तीचं पाणी तोडलं होतं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. गोष्ट म्हणजे काय असते ते मला त्या गप्प बसण्यात कळलं. विद्यापीठात शिकायला मला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही.

●

म्हणून आता आपल्यालाच विचारतो.

१९६९ साली आपल्या आधीच्या लिटल मॅगझिनवाल्यांनी सत्यकथेचा अंक जाळला. १९८२ साली सत्यकथा बंदही पडली. पण तिची नजर आपल्या डोळ्यात राहिली नाही ना? आपण एकमेकांची कविता वाचताना काय बघतो? प्रतिमा नवी आहे का. अनुभव घनदाट आहे का. कुठल्या समीक्षकाने दखल घेतली. आपला अंक निघतो तो कुठे जातो? दीडशे-दोनशे प्रती. त्यातल्या निम्म्या प्राध्यापकांना टपालाने, उरलेल्या एकमेकांना. माझ्या खात्यात रातपाळीला चाळीस माणसं असतात, बहुतेक सगळी कंत्राटी, बारा तासांची पाळी. त्यातली बरीच पोरं आपल्याच समाजाची. ती जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर काय बघतात? खुनाच्या मालिका. भुताच्या गोष्टी. प्रेमाची भानगड. मी त्यांना आपला अंक दिला. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, भाऊ, चांगलं असणार, पण पुढे काय होतं ते कळत नाही.

पुढे काय होतं! च्यायला, हा समीक्षेतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तो एका डॉफरने विचारला.

माझा आजासुद्धा आपल्या अंकाच्या दुसऱ्या पानापलीकडे गेला नाही. ज्याने हजार मैल चालून अक्षर मिळवलं, ज्याच्यासाठी आपण लिहितो असं स्टेजवर सांगतो, तो आपल्याला वाचत नव्हता आणि अर्नाळकरांना वाचत होता. ह्यात चूक त्याची आहे असं म्हणणारा माणूस माझा दोस्त नाही.

मी असं म्हणत नाही की आता सगळ्यांनी कविता टाकून रहस्यकथा लिहा. नामदेव ढसाळांचा गोलपिठा १९७२ ला आला तेव्हा त्याने जे फोडलं ते दुसऱ्या कशाने फुटलं नसतं. बाबूराव बागुलांनी जेव्हा मी जात चोरली होती लिहिलं १९६३ ला, ते कुणाची परवानगी काढून नाही. ते आपलं आहे आणि राहील. मी एवढंच म्हणतो की वाचकाला जागं ठेवायची कला ही वतनदारांची नाही आणि मालकाची पण नाही. ती फुटपाथवर पडलेली होती. एका चष्मेवाल्याने ती उचलली आणि अठ्ठेचाळीस वर्षं चालवली. त्याने ती हिऱ्यांच्या चोरीसाठी वापरली. आपल्याकडे हिऱ्यांपेक्षा कितीतरी मोठ्या चोऱ्या आहेत. जमीन चोरलेली आहे. पाणी चोरलेलं आहे. भविष्यनिर्वाह निधी चोरलेला आहे. साक्षीदार रात्रीतून फिरलेला आहे. पंचनाम्यात प्रेताची जागा बदललेली आहे.

खुनी कोण हे आपल्याला पहिल्या पानावरच ठाऊक असतं. ठीक आहे. मग आपली गोष्ट तिथून सुरू होऊ दे. साक्षीदार कसा फिरला? फौजदाराने काय लिहिलं आणि काय गाळलं? कोण कोणाच्या घरी चहाला गेलं? कंत्राटदाराच्या रजिस्टरात तुमचं नाव कुठल्या महिन्यात गायब होतं, आणि का? हे असं लिहा की जेवणाची सुट्टी संपली तरी डॉफरच्या हातून अंक सुटू नये. जॉबरने शिवी घालावी इतका उशीर त्याला होऊ दे.

आणि त्या अकरावीच्या पोराला कुणी ओळखत असेल तर एवढं सांगा. तुझा प्रश्न बरोबर होता. मान खाली घालू नकोस. माझ्याकडे साठ पुस्तकं आहेत, एकाची शेवटची पानं नाहीत. येऊन घेऊन जा. भाडं नाही. फक्त शेवट तू लिहून आण.

जयभीम.